‘आम्ही कुणालाही हाकलले नाही’

८ मे २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांची निवड झाली तेव्हा आमच्या धर्मग्रामात घंटा वाजली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर पेढे वाटण्यात आले. अमेरिकेत जन्मलेला पहिला पोप म्हणून सर्वांनाच कौतुक होते. मग लवकरच दुसरी बातमी आली. पोपमहोदयांच्या आईचे आईवडील, जोसेफ मार्टिनेझ आणि लुईस बाकिए, हे न्यू ऑर्लिन्स शहराच्या सातव्या वॉर्डातील क्रिओल कॅथोलिक कुटुंबांतले होते. १९०० सालच्या जनगणनेत त्यांची नोंद ‘कृष्णवर्णीय’ अशी आहे. पुढे ते शिकागोला गेले आणि १९२० सालच्या जनगणनेत त्याच माणसांची नोंद ‘गोरे’ अशी झाली.

ही हकिकत आम्ही एका रविवारी प्रवचनात सांगितली आणि धर्मग्रामांच्या भिंतींविषयी चार शब्द बोललो. मिस्सा आटोपून आम्ही अंगणात आलो तोच एक निवृत्त शिक्षक पुढे आले. म्हणाले, ‘‘फादर, काळ्या-गोऱ्यांचे भांडण अमेरिकेचे. ते आपल्या वेदीवर कशाला? आपण कधी कुणाला हाकलले आहे का?’’ त्यांच्यासोबत असलेल्या एका तरुण इंजिनिअरने त्यात भर घातली, ‘‘पाप माणूस करतो, फादर. व्यवस्था पाप करीत नाही. हे कम्युनिस्टांचे बोलणे झाले.’’

दोघेही भले आहेत. एकाने अनेक वर्षे विनामूल्य धर्मशिक्षण दिले आहे, दुसरा देवालयाच्या प्रत्येक कामाला धावून येतो. परंतु दोघांचीही विधाने चुकीची आहेत, आणि ती भल्या माणसांच्या तोंडी असल्यामुळेच अधिक घातक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंगणात उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे पडले, म्हणून हा लेखप्रपंच.

नोंदवहीतला रंग

जोसेफ मार्टिनेझ यांनी आपला रंग का बदलू दिला असेल? त्यांना लबाड ठरविणे सोपे आहे. परंतु ते ज्या लुइझियानात वाढले तेथे रेल्वेचे डबे रंगानुसार वेगळे होते. त्या कायद्याला आव्हान देणारा होमर प्लेसी हाही न्यू ऑर्लिन्सचाच क्रिओल होता. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला आणि ‘वेगळे, पण समान’ या नावाखाली भेदभावाला राष्ट्रीय मान्यता मिळाली. मतदानाचा हक्क गेला. देवालयातही कृष्णवर्णीयांना मागचे बाक मिळाले आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळे धर्मग्राम निघाले. अशा प्रदेशातून उत्तरेकडे गेलेल्या, उजळ कातडीच्या माणसाला एका शब्दाने नोकरी, घर आणि मुलांची शाळा मिळत असेल, तर तो शब्द उच्चारायला त्याला कुणी भाग पाडले, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी त्याला नातलग, गाव आणि आठवणी मागे टाकाव्या लागल्या. न्यू ऑर्लिन्समधील त्या कुटुंबाचे घरही पुढे १९६० च्या दशकात उड्डाणमार्गासाठी पाडण्यात आले. घर पाडणाऱ्यांनी कुणाला शिवी दिली नसेल. नकाशावर रेघ ओढताना ती कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून ओढणे सोयीचे होते, एवढेच.

विद्वान ज्याला ‘संरचनात्मक वंशभेद’ म्हणतात तो हाच. एखाद्याच्या मनात द्वेष आहे की नाही, याच्याशी तो बांधलेला नसतो. १८९९ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा ग्रंथरूप अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी ते स्वतः त्या वस्तीत राहिले, घरोघर फिरले, आणि तेथील दारिद्र्याचे मूळ लोकांच्या रक्तात नसून त्यांच्यापुढे बंद होणाऱ्या दारांत आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १९६७ साली स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी आपल्या ग्रंथात या गोष्टीला नाव दिले. त्यांचा दाखला असा : बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या देवळात बॉम्ब टाकून मुलांना मारले जाते तेव्हा सारा समाज हळहळतो. परंतु त्याच शहरात पोषण, घर आणि दवाखाना यांच्या अभावी दरवर्षी कृष्णवर्णीय अर्भके दगावतात तेव्हा कुणी आरोपी सापडत नाही. मरणारे बालक मात्र दोन्हीकडे एकाच वस्तीतले असते.

शिकागोचे धर्मग्राम

आता शिकागोकडे वळू. पोपमहोदयांचा जन्म त्या शहरातला, आणि तेथील इतिहासाला थेट आपल्या धर्माचे नाव चिकटलेले आहे.

१९३४ साली अमेरिकन सरकारने घरकर्जांना हमी देणारे खाते स्थापन केले. सामान्य कामगाराला दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. परंतु या खात्याच्या नियमपुस्तिकेत वस्तीची किंमत ठरविताना तेथील लोकांचा वंश पाहावा, असे लिहिले होते. कृष्णवर्णीय राहतात किंवा येण्याची शक्यता आहे, अशा वस्तीला हमी नाही, आणि हमी नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. मग त्या माणसाने घर घ्यावे कसे? शिकागोत दलालांनी वाट काढली. ते गोऱ्या मालकांना ‘काळे येत आहेत’ अशी भीती घालून घर स्वस्तात घेत आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला पुष्कळदा दुप्पट किमतीला करारावर देत. करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर खरेदीदाराच्या नावावर होत नसे. एक हप्ता चुकला की घर गेले आणि भरलेला पैसाही गेला. दलाल तेच घर दुसऱ्याला विकायला मोकळा. २०१९ साली ड्यूक विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हिशेब मांडला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत या करारांपायी शिकागोतील कृष्णवर्णीय कुटुंबांचे ३ ते ४ अब्ज डॉलर गेले.

यात कॅथोलिक कोठे आले? जॉन मॅकग्रीव्ही या इतिहासकाराने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे उत्तर आहे. उत्तरेकडील शहरांतले आयरिश, पोलिश, इटालियन, लिथुआनियन कॅथोलिक हे स्वतः गरीब स्थलांतरित. त्यांनी पै पै जमवून देवालय बांधले, शाळा बांधली, सिस्टरांचे मठ बांधले, आणि सभोवती घरे घेतली. कोणी कोठे राहतो असे विचारले तर गल्लीचे नाव न सांगता धर्मग्रामाचे नाव सांगण्याची तेथे पद्धत होती. इतर पंथीयांना वस्ती बदलली की प्रार्थनास्थळ विकून दुसरीकडे जाता येई. कॅथोलिक धर्मग्राम जमिनीला बांधलेला. त्याची सीमा बिशपांनी आखलेली, त्याचे देवालय अभिषिक्त. म्हणून ही माणसे पळण्याऐवजी लढायला उभी राहिली. ज्या श्रद्धेने त्यांनी देवालय उभारले, त्याच श्रद्धेने त्यांनी शेजारी येऊ पाहणाऱ्याला अडविले.

१९५१ च्या जुलैत शिकागोलगतच्या सिसेरो या कॅथोलिक बहुसंख्येच्या गावात हार्वे क्लार्क नावाच्या कृष्णवर्णीय बसचालकाने भाड्याने घर घेतले. हा महायुद्धात सैन्यात काम केलेला माणूस. हजारोंचा जमाव जमला. त्यांचे सामान खिडकीतून फेकून जाळण्यात आले आणि अखेर निमलष्करी दल बोलवावे लागले. स्थानिक चौकशीने प्रथम आरोप ठेवले ते दंगेखोरांवर नव्हे, घर देण्यात हात असलेल्यांवर! १९६६ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोच्या मार्केट पार्क भागातून मोर्चा घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला. इतका द्वेष आपण दक्षिणेतही पाहिला नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. मोर्चात चालणाऱ्या कॅथोलिक धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना तर जमावाने विशेष शिव्या दिल्या, कारण ते ‘आपले’ असून ‘त्यांच्या’ बाजूने गेले होते. दगड मारणाऱ्या त्या हातांतील कितीकांनी त्याच रविवारी ख्रिस्तप्रसाद स्वीकारला असेल, या विचाराने आम्ही धर्मगुरू म्हणून अस्वस्थ होतो.

आणि त्या धर्मग्रामांचे धर्मगुरू? काहींनी वस्ती ‘जपण्यासाठी’ निघालेल्या मंडळांचे पुढारीपण केले. बहुसंख्य गप्प राहिले. देवालयाचे कर्ज फेडायचे होते, शाळा चालवायची होती, दाते दुखवायचे नव्हते. आम्हांला त्यांच्यावर दगड टाकण्याचा अधिकार नाही. का, ते पुढे सांगू.

याच शहराने दुसरे उदाहरणही घालून दिले. १८५४ साली मिसुरीत गुलाम म्हणून जन्मलेले ऑगस्टस टोल्टन यांना धर्मगुरू व्हायचे होते. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना घेतले नाही. ते रोमला शिकले आणि १८८६ साली तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परत आल्यावर क्विन्सी गावात गोरे भाविकही त्यांच्या मिस्सेला येऊ लागले, तर शेजारच्या गोऱ्या धर्मगुरूनेच त्यांचा छळ मांडला. शेवटी ते शिकागोला आले आणि १८९७ साली, अवघ्या ४३ व्या वर्षी, तेथेच वारले. २०१९ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. जिवंतपणी दार बंद आणि मरणानंतर वेदीकडे वाटचाल, ही आपली जुनी रीत!

पुढे १९६८ साली लॉनडेल भागातील प्रेझेंटेशन धर्मग्रामाच्या आश्रयाने करारग्रस्त कुटुंबांची संघटना उभी राहिली. मोन्सिन्योर जॅक ईगन तेथील धर्मगुरू होते. जॅक मॅक्नामारा हा जेझुइट सेमिनारिअन विद्यार्थ्यांना घेऊन घरोघर गेला आणि जुनी खरेदीखते काढून कोणाला किती फसविले त्याचा हिशेब त्यांनी मांडला. लोकांनी हप्ते रोखले, मार खाल्ला, काहींची घरे गेली. न्यायालयातील दावे ते हरले. परंतु शेकडो कुटुंबांचे करार बदलून घेण्यात त्यांना यश आले. ज्या धर्मग्रामाच्या रचनेने भिंत उभी केली, तीच रचना दार उघडण्याच्याही कामी आली.

व्यवस्था पाप करते काय?

आमच्या इंजिनिअर मित्राचा आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीर उत्तर दिले पाहिजे. पाप माणूसच करतो, हे खरे आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ च्या ‘रेकोन्सिलियात्सिओ एत पेनितेन्त्सिआ’ या प्रबोधनपत्रात तेच सांगितले, आणि कम्युनिझमविषयी त्यांना भाबडा म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. सामाजिक पाप म्हणजे अनेकांच्या वैयक्तिक पापांचा साठा, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यात जे अन्याय करतात ते येतात, जे त्याचा लाभ उठवितात ते येतात, आणि जे तो रोखू शकत असूनही आळसाने, भीतीने किंवा मूक संमतीने गप्प बसतात तेही येतात. १९८७ च्या विश्वपत्रात त्यांनी ‘पापाच्या संरचना’ हा शब्द वापरला. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात तो आहे. पोप लिओ यांच्या ‘दिलेक्सी ते’ या २०२५ च्या प्रबोधनपत्रातही तो आहे.

मिस्सेच्या प्रारंभी आपण दर रविवारी जी पापकबुली देतो, तिच्यात केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही उच्चार असतो. ‘आम्ही कुणालाही हाकलले नाही’ हे वाक्य त्या कबुलीपुढे टिकत नाही. सिसेरोतील किंवा मार्केट पार्कमधील बहुसंख्य भाविकांनीही दगड मारला नव्हता. त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली होती.

‘पण तो काळ सरला, कायदा बदलला’ असेही म्हटले जाते. बदलला खरा. किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरांच्या व्यवहारातील भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. २००८ साली कृष्णवर्णीय अध्यक्षही निवडून आला. वंशापेक्षा वर्गस्थिती अधिक निर्णायक होत चालली आहे, असा युक्तिवाद विल्यम ज्युलिअस विल्सन या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञानेच १९७८ साली केला होता आणि त्यातले तथ्य आम्ही नाकारीत नाही. तरीही २०२२ च्या सरकारी पाहणीनुसार मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर, तर मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० डॉलर आहे. आजोबांना ज्या वर्षी घर नाकारले, त्या वर्षाचे व्याज नातू अजून भरतो आहे. कायदा दार उघडतो. दाराबाहेर गेलेली दोन पिढ्यांची कमाई तो परत आणून देत नाही.

आणि आपण?

आता शिक्षक महाशयांच्या प्रश्नाकडे. ‘ते भांडण अमेरिकेचे’, असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यमुक्त केले त्यांना अर्पण केले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने आपले नावच तिकडून घेतले. आपल्या पूर्वजांना जे साम्य शंभर-दीडशे वर्षांपूर्वी दिसले, ते आपल्याला का दिसू नये?

राज्याच्या बाजूने अन्याय आहे आणि त्याविषयी आपण आवाज उठवितो, ते योग्यच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. परंतु सरकारपुढे ‘बाप्तिस्म्याने जात जात नाही’ असे सांगणारे आपण, देवालयात मात्र ‘आपल्यात जात नाही’ असे सांगतो. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? तामिळनाडूत काही ठिकाणी कॅथोलिक दफनभूमीतही जातींमध्ये भिंत उभी राहिली. २००३ साली तेथील बिशपांपुढे बोलताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्ती लोकांतील जातिभेदाची कडक निर्भर्त्सना केली. २०१६ साली भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेत हा भेद आहे हे मान्य केले. ते धोरण आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

येथे आमचा स्वतःचा कबुलीजबाब देणे भाग आहे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. जालन्याकडचे एक कॅथोलिक कुटुंब तेथे कामासाठी आले. नवरा गोदामात, बायको इस्पितळात आया, पदरी दोन मुले. त्यांना खोली मिळेना. प्रत्येक घरमालक प्रथम आडनाव विचारी, मग गाव विचारी, मग ‘कालच दिली हो’ म्हणे. तो माणूस बाप्तिस्म्याचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे आला. म्हणाला, ‘‘फादर, तुम्ही एक शब्द टाकला तर होईल.’’ त्या घरमालकांतील एक जण सणाच्या खर्चाचा मोठा वाटा उचलीत असे. आम्ही म्हणालो, ‘‘पाहू.’’ पुढच्या रविवारीही ‘पाहू’ म्हणालो. काही महिन्यांनी ते कुटुंब गाव सोडून गेले. नंतर कळले की, ज्या प्रार्थनासभेने त्यांना निवारा मिळवून दिला तिच्यात ते जाऊ लागले आहेत. त्याच वर्षी आम्ही ‘आपली मेंढरे पळविणाऱ्या पंथां’विरुद्ध घणाघाती प्रवचन दिले होते. लोकांना ते फार आवडले.

आम्ही त्यांना हाकलले नाही. त्या घरमालकांनीही त्यांना वाईट शब्द वापरला नाही. तरी एक कुटुंब आमच्या वेदीपासून तुटले, आणि त्याचा आरोपी कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. शिकागोच्या धर्मगुरूंवर दगड टाकण्याचा आम्हांला अधिकार नाही, तो यासाठी.

केवळ हळहळून भागत नाही. म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आम्ही काही गोष्टी सुचवितो. आपल्या पालकीय परिषदेची, गायकवृंदाची, सणसमितीची यादी समोर घ्या आणि गेल्या वीस वर्षांत गावात आलेल्या कुटुंबांतील किती नावे तिच्यात आहेत ते मोजा. ज्यांच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत त्यांनी आडनावाच्या आधी गरज विचारावी. मुलामुलींच्या लग्नाची बोलणी करताना ‘आपल्यातले’ या शब्दाचा अर्थ काय, हे आईबापांनी मुलांसमोर मोठ्याने सांगून पाहावे. सांगताना जीभ अडखळली तर तेथेच थांबून विचार करावा. घरकामासाठी झारखंडहून, ओडिशाहून आलेल्या आदिवासी मुली मागच्या बाकांवर बसतात, त्यांना पुढे बोलवावे आणि त्यांच्यातील एखादीला वाचन द्यावे.

आमच्याकडून एवढे वचन : येत्या उपवासकाळात बिशपांचे २०१६ चे धोरण आम्ही वेदीवरून टप्प्याटप्प्याने वाचून दाखवू. आणि ज्याला खोली मिळत नाही तो कोणीही आमच्याकडे आला, तर आम्ही त्याच्याबरोबर त्या घरी चालत जाऊ. कोणते दार उघडले आणि कोणते नाही, हे मग परिषदेच्या बैठकीत सांगू. दाते रुसले तर सण साधेपणाने साजरा होईल.